नाथा देवकातेच्या अठरा पोरी

आमच्या पाटोदा तालुक्यातून पगार घेऊन फुटबॉल खेळलेला पहिला माणूस नाथा देवकाते. दुसरा अजून झालेला नाही. या माणसाचं आमच्याच लोकांनी काय केलं ते सांगायला बसलोय. मी त्याच्याबरोबर आश्रमशाळेत शिकलो, गेली एकोणीस वर्षं इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. शांतपणे लिहावं असं ठरवून दोनदा बसलो, जमलं नाही. आता जसं येईल तसं लिहितो.

नाथाचं घर धनगराचं. दिवाळी झाली की त्याचे वडील मेंढरं घेऊन गोदावरीकडे उतरायचे ते मृगालाच परत यायचे. त्याच्या मायनं, दगडाबाईनं, हट्टानं त्याला आश्रमशाळेत टाकलं. तिथे खेळाला रऊफ सर होते, बीडचे. उमेदीच्या काळात ते स्वतः चांगलं फुटबॉल खेळलेले. अख्ख्या शाळेला एकच बॉल आणि तोही ठिगळाचा. आम्ही सगळी पोरं त्या बॉलमागं थवा करून पळायचो. नाथा पळायचा नाही. तो बाजूला उभा राहायचा आणि बॉल जिथं येणार तिथं आधी जाऊन थांबायचा. रऊफ सरांनी एकदा त्याला विचारलं, "बेटा, तुला हे कुणी शिकवलं?"

"मेंढरामागं पळायचं नसतंय सर," नाथा म्हणाला. "त्याच्या वाटंला जाऊन हुबं राहायचं असतंय."

सरांनी त्या दिवशी त्याला लेफ्ट बॅक केलं, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव त्याच्याकडं. पुढची अठरा वर्षं तो त्याच जागी खेळला.

२००३ साली सर त्याला पुण्याला एका कंपनीच्या संघाच्या निवडीला घेऊन गेले. दोनशे पोरांतून चौघं घेतली, त्यात हा होता. तीन वर्षांनी गोव्याच्या एका क्लबनं त्याला बोलावलं. करार इंग्रजीत, अकरा पानांचा. नाथानं एकही पान न वाचता सह्या केल्या आणि एसटीडी बूथवरून मला फोन केला, "मास्तर, आता खेळायचे पैशे मिळणार बे!" मी तेव्हा डीएड करत होतो, तरी तो मला मास्तरच म्हणायचा.

सहा हंगाम तो तिथं खेळला. मी एकदा मडगावला जाऊन त्याचा सामना बघितला. समोर आफ्रिकेतला सहा फुटी विंगर होता. पहिल्या अर्ध्या तासात त्यानं नाथाला दोनदा चकवलं. तिसऱ्यांदा नाथा त्याच्या वाटेत आधीच उभा होता, चौथ्यांदाही. शेवटी तो विंगर कंटाळून मैदानाच्या दुसऱ्या बाजूला निघून गेला. प्रेक्षकांत मी एकटाच मराठवाड्यातला. ओरडून ओरडून घसा बसला माझा.

२०१२ च्या फेब्रुवारीत उपांत्य सामन्याआधी त्याच्या उजव्या गुडघ्याला सूज होती. मॅनेजरनं डॉक्टरला बोलावून गुडघ्यात इंजेक्शन द्यायला लावलं आणि सांगितलं, अर्धा तास खेळ, मग बदलतो. बदललं नाही. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला नाथा टॅकलला गेला तो उठलाच नाही. लिगामेंट फाटलं होतं. क्लबनं शस्त्रक्रियेची जबाबदारी घेतली नाही, कारण करारात तसं कलम नव्हतं. त्या अकरा पानांत ते कुठंतरी लिहिलेलं होतं. दोन ओळींचं पत्र देऊन त्याला मोकळं केलं.

घरी आला तेव्हा काठी घेऊन एसटीतून उतरला. मला म्हणाला, "मेंढरू लंगडं झालं तर आमी त्याला खांद्यावर घेतो बे. ह्यांनी मला रस्त्यावर सोडलं."

दोन वर्षं तो नुसता धुमसत राहिला. त्याची बायको बबिता सांगायची, टीव्हीवर फुटबॉल लागला की हे उठून भाईर जातेत. मग २०१४ मध्ये रऊफ सर वारले. त्यांना माती देऊन परत आल्यावर नाथानं प्रशिक्षकाच्या परीक्षेचा अर्ज भरला. लंगडत लंगडत दोन परीक्षा पास झाला आणि आमच्या हायस्कुलात मानधनावर लागला. मुलांचा संघ आधीच दुसऱ्याकडं होता. मुख्याध्यापक म्हणाले, मुली घ्या, त्यांना कुणी शिकवायला तयार नाही.

नाथानं मुली घेतल्या. वस्त्यांवरच्या, धनगरांच्या, शेतकऱ्यांच्या. काहींचे आईबाप सहा महिने ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर असायचे. योगिता ही त्यातली पहिली. मेंढपाळाची पोर, लांब टांगांची, मधल्या फळीत खेळायची. संगीता गोलकीपर. तिचे हात असे की नाथा म्हणायचा, हिला विहिरीवर रहाट ओढायला लावलं त्यांचे उपकार हायेत.

त्याचा राग मैदानावर सगळ्यांना माहीत होता. एकदा शेजारच्या तालुक्याच्या पोरीला धक्का लागला म्हणून आमच्या पोरी खेळ सोडून तिची माफी मागत उभ्या राहिल्या आणि तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला. नाथानं पाण्याचा ड्रम लाथेनं उलथा केला. "माफी मागायला जलमल्या का गं तुमी? घरात माफी, शाळंत माफी, हितं बी माफी? माफी संध्याकाळी मागा!" पोरी आधी रडल्या, मग हसायला लागल्या. पण त्या दिवसानंतर कुणी खेळ सोडून उभं राहिलं नाही.

२०१८ च्या डिसेंबरात या पोरी कोल्हापूरला राज्य स्पर्धेत खेळल्या. अठराजणींचा संघ. चार सामने जिंकून अंतिम सामन्यात एका गोलनं हरल्या. राज्यात दुसऱ्या आल्या. गावात मिरवणूक निघाली, हलगी वाजली. ज्या बापांनी हाफ पॅन्टीवरून पोरींना मारलं होतं तेच फेटे बांधून पुढं नाचत होते.

राज्यात दुसरं आलं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. राज्य स्पर्धेत पदक मिळवलेल्या पोरीला त्या जागांवर हक्क सांगता येतो. आमच्याकडं नोकरी म्हणजे काय, हे तर मी सांगायला नको. त्या अठरा पोरींनी नुसता चषक आणला नव्हता, अठरा घरांची दारं उघडली होती.

आमच्या भागातल्या संघांचा कारभार बालाघाट फुटबॉल मंडळाकडं होता. मंडळाचे अध्यक्ष अमरसिंहदादा. इथलं जुनं बडं प्रस्थ असलेल्या अर्जुनरावांचे चिरंजीव, शंभर एकर बागायत, दोन शाळा, एक कॉलेज. फुटबॉलला त्यांनी पाय लावल्याचं कुणी बघितलेलं नाही. मंडळाचा कारकून हरिओम. स्पर्धेनंतर आठ दिवसांनी हरिओम फाईल घेऊन मैदानावर आला.

"सर, राज्याकडं संघाची यादी पाठवायची हाय. नावं टायपिंगला देतो, तुमी सही करून ठिवा. परत कावून हेलपाटा?"

नाथानं कोऱ्या नमुन्यांवर सह्या केल्या. तीन कागद. मी तिथंच उभा होतो. मीही काही बोललो नाही, हे मला इथं लिहिलं पाहिजे.

पुढं पोरींना मंडळाच्या कार्यक्रमात दादांच्या हातून प्रमाणपत्रं मिळाली. संगीतानं त्यावर पोलीस भरती दिली आणि जालन्याला शिपाई झाली. २०२१ च्या भरतीत योगिताही निवडली गेली. गावात पेढे वाटले. मग कागदपत्रांच्या पडताळणीला तिला बोलावलं आणि तिचं प्रमाणपत्र टेबलावर परत ढकललं. मंडळानं राज्याकडं पाठवलेल्या यादीत तिचं नावच नव्हतं. प्रमाणपत्रावर लाल शाईनं शेरा मारला होता: बोगस.

ती सरळ मैदानावर आली. कागद नाथाच्या हातात दिला आणि खाली मातीत बसली. "सर, मी खेळले का न्हाई? तुमीच सांगा, मी खेळले का न्हाई?"

माहितीच्या अधिकारात यादी मिळवायला आम्हाला दीड महिना लागला. अठरा नावं होती. त्यातली बारा आमच्या पोरींची. उरलेली सहा नावं आम्ही पहिल्यांदा वाचत होतो. चार नंबरच्या जर्सीपुढं, जी योगितानं पाचही सामन्यांत घातली होती, नाव होतं सत्यशीला. अमरसिंहदादांची भाची, बहिणीची मुलगी. स्पर्धा चालू होती तेव्हा ती लातूरला क्लासला होती. आता ती एका सरकारी कचेरीत खेळाडूंच्या जागेवर बसली होती. बाकीच्या पाचजणीही अशाच, कुणाच्या ना कुणाच्या. आणि यादीखाली प्रशिक्षकाची सही. खरी. नाथाची.

त्यानं त्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "गोव्यात न वाचता सही केली, पाय गेला. तवा माझा गेलता. आता ह्या पोरींचा घेतला मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दादांच्या शेतावर गेलो. दादा बंगल्याच्या ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी नाथाला खुर्ची दाखवली. नाथा बसला नाही.

"दादा, योगिताचं नाव कुणी काढलं?"

"कोण योगिता?"

"चार नंबर. तुमीच हार घातला तिला."

दादांनी पेपर घडी केला. "हे बघ नाथा, संघ अठराजणींचा असतो, मैदानात अकराच उतरतात. बाकीच्यांच्या जागी चार-सहा नावं इकडं तिकडं झाली तर काय बिघडलं? त्या पोरींची उद्या लग्नं होणार, चुलीपुढं बसणार. नोकरी कुणाच्या तरी उपयोगाला आली पाहिजे. तुझं मानधन वाढवायचा विषय आहे माझ्याकडं. बस, चहा घे."

नाथाच्या मानेची शीर मला दिसत होती. वाटलं, आता हा हात उचलतो. त्यानं उचलला नाही. "दादा," तो म्हणाला, "वाघ मेंढरू नेतो तवा निदान भुकेला असतो. तुमाला कशाची भूक हाय?"

"यादीवर सही तुझी आहे, हे विसरू नको," दादा शांतपणे म्हणाले. "माझी कुठंच नाही."

परत येताना नाथानं मोटारसायकल मधेच थांबवली, उतरला, बांधावरचा दगड उचलून बाभळीवर हाणला. मग दुसरा हाणला. दगड संपल्यावर तो म्हणाला, "चल, अर्ज लिव्ह. जे घडलं ते समदं लिव्ह. सही कोरी केली, ते बी लिव्ह."

त्या दिवशी बबिता त्याला म्हणाली, "आवं, आधी तुमालाच धरतील. नोकरी जाईल, तुरुंग बी दावतील."

"धरू दे."

अर्ज क्रीडा खात्याकडं गेला. चौकशी लागली. नाथानं जबाब दिला, स्वतःचा गुन्हा स्वतः सांगितला. आम्हा भाबड्यांना वाटलं, आता सहा नावं निघतील आणि सहा नावं परत चढतील. निकाल आला तो वेगळाच. यादीच संशयास्पद ठरली, म्हणून त्या संघाची सगळी प्रमाणपत्रं रद्द झाली. खोट्या सहांबरोबर खऱ्या बाराही. खोट्या सहाजणी अपील करून खुर्चीवरच राहिल्या, संगीताला मात्र जालन्याहून नोटीस देऊन घरी पाठवलं. तिनं वर्षभर वर्दी घातली होती. ती एसटीतून साडीवर उतरली, तेव्हा तिचा बाप स्टँडवर न्यायला आला नाही.

पोरी नाथाच्या घरी आल्या. दहा-अकराजणी असतील. अंगणात उभ्या राहिल्या. कुणी शिव्या देईल असं वाटलं होतं, कुणी दिल्या नाहीत. संगीता फक्त एवढंच म्हणाली, "सर, आमाला एकदा इचारायचं तरी." तिचं खरं होतं. अर्ज लिहिताना आम्ही दोघांनी मोठा इमानदारपणा केला, पण ज्यांचं जाणार होतं त्यांना विचारलं नव्हतं.

योगिता मागं उभी होती. सगळ्या निघून गेल्यावर ती पुढं आली. "राग तुमच्यावर धरावा का त्यांच्यावर, मला कळंना सर. त्यांच्या बंगल्यात शिरता येत न्हाई. तुमच्या अंगणात येता येतं, म्हणून तुमच्यावर काढते." आणि तिनं ओसरीवरचा स्टीलचा तांब्या उचलून भिंतीवर आदळला. नाथा हलला नाही. तिनं तांब्या परत उचलून जागेवर ठेवला आणि गेली. त्याच उन्हाळ्यात तिचं तेलगावला लग्न झालं.

नाथानं मग एकच धरलं. पोरी खेळल्या होत्या, तर त्या खेळल्याचा कागद कुठंतरी असणार. प्रत्येक सामन्याआधी रेफरी एक पत्रक भरून घेतो. त्यावर खेळाडूंची नावं, जर्सीचे नंबर आणि स्वतःच्या सह्या असतात. मंडळाकडच्या प्रती 'पावसात भिजल्या' होत्या. दुसऱ्या प्रती कोल्हापूरच्या आयोजकांकडं असायला हव्या होत्या. नाथा पहिल्यांदा गेला तेव्हा आयोजक शाळेचे मास्तर निवृत्त झाले होते. दुसऱ्यांदा गेला तेव्हा ते मुलाकडं परगावी होते. तिसऱ्यांदा गेला तो त्यांच्या दारात दोन दिवस बसला. ते मास्तर म्हातारे, पण फुटबॉलवेडे. त्यांनी शाळेला सांगून चषकांचं कपाट उघडून घेतलं. चषकांच्या मागं पुठ्ठ्याच्या खोक्यात पाचही सामन्यांची पत्रकं होती. चार नंबरपुढं योगितानं मोठ्या अक्षरात सही केलेली, शाळेत शिकवतात तशी, पहिलं नाव, बापाचं नाव, आडनाव.

नाथानं मला तिथूनच फोन केला. मी विचारलं, सापडली का? तर तो पत्रकावरची नावं एकेक करून वाचत सुटला.

त्या पत्रकांवर २०२३ च्या नोव्हेंबरात क्रीडा खात्यात पुन्हा सुनावणी झाली. सत्यशीला आली होती. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी नाथाला विचारलं, तुम्हाला या मुलीला काही विचारायचंय का?

"साहेब, हिला इचारा, तुजी जागा कोणती व्हती?"

ती पोरगी रडायला लागली. "मामांनी कागद दिला. मी घेतला," एवढंच म्हणाली. नाथानं हात जोडले आणि म्हणाला, "बास. हिला जाऊ द्या. हिच्या मामाला बोलवा." मामाला कुणी बोलावलं नाही.

आदेश निघायला मार्च उजाडला. अठरा खऱ्या नावांची यादी मान्य झाली. संगीता पुन्हा वर्दीत गेली. खोट्या सहांपैकी चौघींची नोकरी गेली, दोघींनी कोर्टातून स्थगिती आणली, त्या अजून आहेत. हरिओमला काढून टाकलं, 'कारकुनी चूक' म्हणून. कोऱ्या कागदावर सही केल्याबद्दल नाथावर मंडळानं दोन वर्षांची बंदी घातली आणि शाळेनं त्याचं मानधन बंद केलं. त्या बंदीच्या पत्रावर अध्यक्ष म्हणून सही कुणाची होती ते वेगळं सांगायला नको. दादा आजही अध्यक्ष आहेत. गेल्या प्रजासत्ताक दिनाला 'क्रीडामहर्षी' म्हणून त्यांचा सत्कार झाला. आमच्या शाळेची मुलं टाळ्या वाजवायला नेली होती. मी रजा टाकली. माझा विरोध एवढाच, आणि त्याची मला लाज वाटते.

योगिताचं मात्र सुटलं नाही. आदेश निघाला, पण दुरुस्त प्रमाणपत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. २०२४ च्या भरतीला ते हातात नव्हतं. तेव्हा तिची मुलगी दहा महिन्यांची. तिनं साध्या जागेसाठी अर्ज केला, अंगावरचं दूध तोडून मैदानी चाचणी दिली, आठशे मीटर पळाली. दोन गुणांनी राहिली. खेळाडूंच्या जागांची यादी तिच्यापेक्षा बावीस गुण खाली थांबली होती. ते बावीस गुण मी स्वतः हिशेब करून बघितले. बघायला नको होते.

नाथा आता गावाबाहेरच्या गायरानावर शिकवतो. बंदी संपली, पण मंडळाकडं परत नोंदणी करायला तो तयार नाही. तेवीस पोरी येतात. त्यांना पहिल्या दिवशी तो बॉल देत नाही, एक छापील कागद देतो आणि म्हणतो, वाच. पूर्ण वाचल्याशिवाय सही केली तर घरी हाकलतो. त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू येतो. लोक म्हणतात, नाथाचं डोकं फिरलं. मी म्हणतो, फिरायला जरा उशीरच झाला.

मागच्या जूनमध्ये योगिताचं प्रमाणपत्र एकदाचं आलं. पोस्टानं पाठवू म्हटलं तर नाथा ऐकेना. आम्ही तेलगावला गेलो. ती रानात कापूस लावत होती, पदर खोचलेला, हातात सरकीची पिशवी. बांधावर आली. हात लुगड्याला पुसले आणि कागद घेतला. उभ्या उभ्या सगळा वाचला. नाव वाचलं, नंबर वाचला, मागची बाजूही बघितली.

"अजून भरतीच्या वयात बसते मी," ती म्हणाली.

"हां," नाथा म्हणाला. "पळायला लाग."

"लागलेच हाय. सासू पोरीला बघते." तिनं कागद घडी न करता पिशवीत सरकीवर ठेवला. मग नाथाकडं सरळ बघून म्हणाली, "पर पाया पडणार न्हाई मी, सर."

"पडू नको," नाथा म्हणाला.

तिनं आम्हाला पाणी दिलं, पिशवी उचलली आणि सरीत परत गेली.